विमानतळाचं नंतर बघू, आधी लायसनचं बोला

स्पष्टच लिहितोय. ज्यांना राग येईल त्यांनी कमेंटमध्ये खुशाल शिव्या द्याव्यात, फक्त पोस्ट पूर्ण वाचून द्याव्यात.

मागच्या आठवड्यात ऑफिसला एक मामा आले. ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली, तुम्हाला माहीतच आहे. मामा धारूरकडचे, हंगाम संपवून कारखान्यावरून नुकतेच परतलेले. पिशवीतून लॅमिनेशन केलेलं एक सर्टिफिकेट काढलं आणि म्हणाले, "भाऊ, हे इमानाचं लायसन हाय का न्हाई, तेवढं बघून सांगा. पोरगं मुंबईला दोन कंपन्यांत जाऊन आलं. गेटवरूनच वापस लावलं."

सर्टिफिकेटवर सोनेरी शिक्का होता, विमानाचं चित्र होतं, इंग्रजीत 'डिप्लोमा इन एअरक्राफ्ट इलेक्ट्रॉनिक्स' असं मोठ्या अक्षरात छापलेलं होतं. डीजीसीएचं नाव कुठंच नव्हतं.

मी म्हणालो, "मामा, हे लायसन नाही."

"मग काय हाय?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. मामांनी पिशवीतून दुसरा कागद काढला. पेपरचं कात्रण, घडी पडून पडून फाटायला आलेलं. करिअर पुरवणीतली अर्ध्या पानाची बातमी: 'बीडची लेकरं घेणार गगनभरारी.' ती बातमी मीच लिहिली होती. लिहिली म्हणजे, संस्थेनं जाहिरातीच्या पैशाबरोबर मजकूर पाठवला, मी त्याला हेडिंग दिलं आणि दोन ओळी इकडच्या तिकडं केल्या. त्या संस्थेत वर्कशॉप आहे का, मान्यता कशाची आहे, शिकवतो कोण, यातलं काही मी जाऊन बघितलं नाही. मामांनी ते कात्रण वाचून एक एकर विकलं. साडेतीन लाख भरले.

म्हणून ही पोस्ट पहिल्यांदा माझ्याच विरोधात आहे. बाकीच्यांचा नंबर नंतर.

आता मुद्द्याचं. विमानाचं इलेक्ट्रॉनिक्स हे काम काय असतं? कॉकपिटमधले डिस्प्ले, रेडिओ, रडार, दिशा दाखवणारी यंत्रणा, ऑटोपायलट, ब्लॅक बॉक्स आणि या सगळ्याला जोडणाऱ्या वायरिंगची तपासणी आणि दुरुस्ती. यालाच एव्हिऑनिक्स म्हणतात. आपल्या देशात या कामाचं लायसन डीजीसीए देतं आणि त्या प्रकाराचं नाव आहे बी-२. इंजिन आणि सांगाडा बघणाऱ्याचं ते बी-१. दुरुस्ती झाल्यावर 'हे विमान उडायला योग्य आहे' असं लायसनवाला माणूस सही करून सांगतो. ती सही झाल्याशिवाय पायलट कितीही मोठा असो, विमान जागचं हलत नाही.

सगळा भाव त्या सहीला आहे. सर्टिफिकेटला नाही, ब्लेझरला नाही, टायला तर अजिबातच नाही.

ती सही मिळवायचा रस्ता लांब आहे, पण लपवलेला नाही. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स पाहिजे, किंवा तीन वर्षांचा इंजिनिअरिंग डिप्लोमा. मग डीजीसीएनं सीएआर-१४७ नियमाखाली मान्यता दिलेल्या संस्थेत बी-२ चा २४०० तासांचा कोर्स. एकेका विषयाची वेगळी परीक्षा, आणि पास व्हायला ३५ नाही, ७५ टक्के लागतात. पेपर इंग्रजीत. एवढं करूनही लायसन हातात पडत नाही. असा मान्यतेचा कोर्स केलेल्यालासुद्धा २ वर्षं चालू विमानांवर प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभव दाखवावा लागतो. आणि पुढं एअरबससारख्या मोठ्या विमानावर सही करायची तर त्या मॉडेलचं ट्रेनिंग वेगळं.

आता यात लेकरांना कुठं कुठं फसवतात बघा.

पहिली फसवणूक 'डीजीसीए अप्रूव्हड' या दोन शब्दांची. मान्यता प्रकारानुसार असते. एखाद्या संस्थेला बी-१ ची असेल आणि बी-२ ची नसेल. आपण विचारतो का? आपण हॉस्टेलला गरम पाणी आहे का ते विचारतो.

दुसरी फसवणूक गोलमाल नावांची. एअरपोर्ट मॅनेजमेंट, ग्राउंड स्टाफ, केबिन क्रू, टेक्निशियन, सगळं एकाच बॅनरवर. बॅग उचलायचं ट्रेनिंग आणि रडार दुरुस्त करायचं ट्रेनिंग एकाच माणसानं, एकाच गाळ्यात, दोन खुर्च्या टाकून विकायचं.

तिसरी सगळ्यात वाईट. पोरगं हुशार निघालं, पेपर काढले, आणि त्या २ वर्षांच्या अनुभवासाठी त्याला कुणी हँगरमध्ये उभंच करत नाही. तिथं ओळख लागते, नाहीतर पुन्हा पैसे. ज्याचा बाप मुकादमाची उचल फेडतोय तो ओळख कुठून आणणार? अर्ध्या वाटेवर अडकलेली अशी पोरं मी बघितलीत.

यावर आपले पुढारी काय बोलायलेत? विमानतळ! बीडला विमानतळ व्हावा म्हणून बैठका झाल्या, जागेच्या चर्चा झाल्या, आम्ही बातम्याही छापल्या. होऊ द्या, माझा विरोध नाही. पण अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेला १९९५ मध्ये मंजुरी मिळाली आणि बीडला गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला. तीस वर्षं! तेव्हा जन्मलेल्या पोराचं लग्न होऊन त्याचं लेकरू शाळेत जायला लागलं. विमानतळालाही तेवढाच वेळ लागणार असेल तर आज बारावीला बसलेल्या पोरानं काय करायचं?

बरं, विमानतळ झाला तरी तिथं आपल्या पोराला काम काय मिळणार? शिक्षण नसेल तर झाडू आणि ट्रॉली. तिथं उतरलेल्या विमानावर सही करायला माणूस दिल्लीहून येईल, आणि आपण त्याच्यासोबत सेल्फी काढू.

मग हे ऐकून घ्यावं लागतं: "बीडमध्ये विमानच नाही, तर विमानाचं शिक्षण कशाला?" हा प्रश्न विचारणाऱ्यांना माझा उलटा प्रश्न आहे. कोल्हापूर, सांगली, कर्नाटकातला ऊस आपला आहे का? तरी तिथं कोयता आपलाच चालतो ना? दरवर्षी दिवाळी झाली की या जिल्ह्यातून लाखो माणसं दुसऱ्याच्या फडात जातात, तेव्हा कुणी म्हणत नाही की बीडमध्ये एवढा ऊस नाही तर कशाला जाता. हातात कोयता असला की पाचशे किलोमीटर चालतं, आणि हातात मल्टीमीटर म्हटलं की लगेच 'आपल्याकडं स्कोप नाही'?

आणि काम नाही असं कोण म्हणतं? एअर इंडियानं २०२३ मध्ये ४७० विमानांची ऑर्डर दिली. त्याच वर्षी इंडिगोनं ५०० विमानांची दिली. ही विमानं येत राहणार आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं त्यांची तपासणी होत राहणार. विमान दुरुस्ती देशातच व्हावी म्हणून सरकारनं २०२० मध्ये त्यावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के केला. आपल्याच राज्यात, नागपूरच्या मिहानमध्ये, बोइंगनं एअर इंडियासाठी बांधलेलं दुरुस्ती केंद्र २०१५ पासून आहे. नाशिकजवळ ओझरला एचएएलचा कारखाना १९६४ पासून आहे. मुंबई आहे, पुणे आहे, आता नवी मुंबई आहे. म्हणजे काम महाराष्ट्रात आहे. त्या कामापर्यंत जाणारी सरकारी वाट बीडमधून निघत नाही, एवढंच.

ती वाट काढता येणार नाही का? येईल. हा काही चंद्रावर जायचा विषय नाही. अमेरिकेत हेच शिक्षण दोन वर्षांच्या साध्या कम्युनिटी कॉलेजात मिळतं. गावातली पोरं घरून डबा घेऊन जातात, काही कॉलेजांच्या आवारातच हँगर असतो. आपल्याकडंही यूजीसीनं २०१३ मध्ये कम्युनिटी कॉलेजची योजना आणली होती, आहे त्याच कॉलेजात कामाचे कोर्स चालवायला. आपल्या संस्थाचालकांनी त्यातून विमानाचा विचार केला का? बीएड आणि डीएडच्या दुकानांतून वेळ मिळाला असता तर केला असता.

आता २०२५ मध्येच बीडसाठी टाटा टेक्नॉलॉजीजच्या मदतीनं सुमारे १९१ कोटींचं कौशल्य केंद्र जाहीर झालं. वर्षाला ७ हजार पोरांना ट्रेनिंग देणार म्हणाले. चांगली गोष्ट आहे, मी स्वागताची बातमीही केली. पण त्या ७ हजारांत विमानाच्या इलेक्ट्रॉनिक्सचा पाया शिकणारी ६० पोरं-पोरी का नसावीत? हो, पोरीसुद्धा. हे बारीक सोल्डरिंगचं, मोजमापाचं, डोकं शांत ठेवायचं काम आहे.

माझ्या मागण्या चारच आहेत. आमदार-खासदारांचे कार्यकर्ते ही पोस्ट वाचतात हे मला माहीत आहे, तेव्हा नीट वाचा.

एक. मराठवाड्यासाठी बी-२ ची मान्यता असलेली एक सरकारी तुकडी. छत्रपती संभाजीनगरला चिकलठाणा विमानतळ आहे, तिथं करा. फी सरकारी आणि हॉस्टेल सरकारी. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहं काढता, मग त्या वसतिगृहातलं पोरगं पुढं कुठं जाणार तेही सांगा.

दोन. बीडच्या आयटीआयमध्ये किंवा तंत्रनिकेतनात एक वर्षाचा पाया: बेसिक इलेक्ट्रॉनिक्स, डिजिटल, टेक्निकल इंग्रजी. मराठी माध्यमाचं लेकरू डोक्यानं मार खात नाही, तिथल्या इंग्रजी मॅन्युअलपाशी मार खातं.

तीन. २ वर्षांच्या अनुभवासाठी मिहानमधल्या केंद्रांशी लेखी करार. जागांचा आकडा कागदावर पाहिजे. 'प्रयत्न करू' नको.

चार. आयटीआय झालेल्या पोरांना खरं सांगा. नुसत्या आयटीआयवर हे लायसन मिळत नाही. पण दोन वर्षांचा ट्रेड केलेला पोरगा डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाऊ शकतो आणि तिथून या वाटेला लागू शकतो. किती आयटीआयत हे फळ्यावर लिहिलंय?

आता आईबापांसाठी. बारावीचा निकाल लागला की चौकाचौकात बॅनर लागतील. लातूरला क्लासचे पैसे भरून थकलेला बाप 'नीट नाही तर विमान तरी' म्हणून तिकडं वळेल. पैसे भरायच्या आधी तीनच प्रश्न विचारा. तुमची सीएआर-१४७ मान्यता बी-२ ची आहे का, तिचं पत्र दाखवा. मागच्या बॅचमधल्या किती जणांना लायसन मिळालं (नोकरी नाही, लायसन)? त्यातल्या दोघांचे फोन द्या. आणि २ वर्षांचा अनुभव कुठं देणार, लिहून द्या. मान्यता असलेल्या संस्थांची यादी डीजीसीएच्या वेबसाइटवर असते. ती बघता येत नसेल तर माझ्याकडं या, मी काढून देतो. समोरचा 'सर, आधी सीट बुक करा' म्हणाला की उठा आणि चपला घाला.

मामांचं पोरगं सध्या चाकणला कंत्राटावर आहे, बारा तासांची ड्युटी करतंय. बारावी सायन्सला त्याला ७८ टक्के होते. म्हणजे पोरगं कमी नव्हतं. मी त्याला फोन केला. म्हणालो, तुझं वय गेलेलं नाही, खऱ्या संस्थेची चौकशी आपण दोघं मिळून करू. ते बराच वेळ गप्प होतं. मग म्हणालं, "सर, एक एकर तर गेलं. आता दुसरं कोणतं विकायचं?"

यावर मी काय बोलणार होतो? तुम्ही सांगा.

एवढं मात्र जाहीर करतो. यापुढं अशा संस्थेची जाहिरात माझ्याकडं आली तर मान्यतेचं पत्र बघितल्याशिवाय मी तिच्यावर एक ओळ लिहिणार नाही. मालक चिडले तर चिडू द्या. बाकीच्या पत्रकार मित्रांनी काय करायचं ते त्यांनी ठरवावं, आपण सगळे एकाच जिन्याखाली बसतो.

बीड जिल्ह्यातलं कुणी आज विमानाच्या हँगरमध्ये काम करत असेल तर कमेंटमध्ये लिहा, कसे पोचलात, किती खर्च आला, कुठं अडलात. आणि ज्यांचे पैसे असे बुडालेत त्यांनी इनबॉक्समध्ये या, पावत्या घेऊन. नाव छापणार नाही. पण पावत्यांचा गठ्ठा जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर मी स्वतः नेऊन ठेवणार आहे.