गोल्फ आणि धंद्यातली ओळख

उद्योगजगतात गोल्फला मिळालेल्या स्थानाचे पहिले कारण म्हणजे या खेळाला लागणारा वेळ. चार जणांच्या गटाला १८ होलचा डाव पुरा करायला चार ते साडेचार तास लागतात. एका फटक्याला ४० सेकंदांहून जास्त वेळ घेऊ नये, अशी नियमावलीची शिफारस आहे. म्हणजे ९० फटक्यांत डाव संपवणाऱ्या खेळाडूचा स्वतःच्या खेळात फार तर एक तास जातो. बाकीचे तीन तास चालण्यात, थांबण्यात आणि सोबत्यांशी बोलण्यात जातात. ज्या अधिकाऱ्याची अर्ध्या तासाची भेट मिळवायला महिना घालवावा लागतो, तो इथे सकाळभर शेजारी चालत असतो.

दुसरे कारण हँडिकॅप. खेळाडूच्या आधीच्या कामगिरीवरून त्याला किती फटक्यांची सूट द्यायची, हे या आकड्यावरून ठरते. १८ हँडिकॅप असलेल्याने ९२ फटके घेतले आणि ६ हँडिकॅप असलेल्याने ८०, तर सूट वजा जाता दोघांचेही ७४ उरतात आणि डाव बरोबरीत सुटतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या जागतिक पद्धतीत हँडिकॅपची कमाल मर्यादा ५४ आहे. त्यामुळे पन्नाशीत खेळ शिकलेला कारखानदार शाळेपासून खेळणाऱ्या बँकरबरोबर चुरशीने खेळू शकतो. टेनिसमध्ये अशी जोडी दहा मिनिटांत कंटाळते.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. मित्रामित्रांच्या डावात पंच नसतो. आपली चूक आपणच सांगायची आणि दंडाचा फटका आपणच मोजायचा. १९२५ च्या यू.एस. ओपन स्पर्धेत खेळाडू बॉबी जोन्सने आपल्या हातून चेंडू किंचित हलल्याचे सांगून स्वतःवर एक फटका दंड लावून घेतला. ते दुसऱ्या कोणीही पाहिले नव्हते. अखेर बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये विली मॅकफार्लेन विजेता ठरला. झुडपात गेलेला चेंडू पायाने हळूच बाहेर सरकवणारा माणूस हिशेबाच्या वहीत काय करील, याचा अंदाज सोबत्यांना तिथेच येतो. धंद्यातल्या ओळखीसाठी गोल्फचा खरा उपयोग हाच आहे, आणि तो दोन्ही बाजूंना होतो.

म्हणून नवख्याने कौशल्याइतकेच लक्ष शिष्टाचाराकडे द्यावे. सुरुवात मैदानावर न करता ड्रायव्हिंग रेंजवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली करावी. नियमानुसार १४ स्टिक बाळगता येतात, पण शिकताना पाच-सहा पुरतात आणि त्याही वापरलेल्या चालतात. नंतर नऊ होलचे डाव खेळावेत आणि हँडिकॅप मिळाल्यावरच ग्राहकाबरोबर मैदानात उतरावे. कच्चा खेळ लोक सहज खपवून घेतात; रेंगाळणे मात्र खपवून घेत नाहीत. हरवलेला चेंडू शोधायला २०१९ पासून पाचऐवजी तीनच मिनिटे मिळतात. दुसरा खेळाडू फटका मारत असताना गप्प उभे राहणे, बंकरमधली वाळू सारखी करणे, फटक्याने उखडलेली हिरवळ जागेवर बसवणे आणि फोन बंद ठेवणे, एवढे जमले तर त्या गटाचे पुन्हा बोलावणे येते.

धंद्याचा विषय पहिल्या टीवर, म्हणजे डावाच्या सुरुवातीलाच, काढू नये. मुरलेले खेळाडू सहसा तो समोरच्याने काढेपर्यंत थांबतात, आणि दर, मुदत, अटी यांची बोलणी क्लबहाउसमधल्या चहासाठी किंवा पुढच्या बैठकीसाठी राखून ठेवतात. ग्राहकाला खूश करण्यासाठी मुद्दाम हरणे हीही चूकच. हँडिकॅपच्या पद्धतीत तशी गरज नसते आणि ते लपतही नाही.

या वाटेवरची मोठी अडचण दाराशीच आहे. गोल्फ क्लब पूर्वीपासून निवडकांचे. युरोपियन क्लबांत भारतीयांना मज्जाव असलेल्या काळात, १९१८ मध्ये, मुंबईत भारतीय आणि युरोपियन अशा दोघांसाठी विलिंग्डन क्लब निघाला. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनलने पहिल्या महिला सदस्य घेतल्या त्या २०१२ मध्ये. सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने तसा निर्णय घेतला २०१४ मध्ये. ज्या ओळखी क्लबात होत, त्यांपासून स्त्रिया इतकी वर्षे दूर राहिल्या. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी किंवा पुण्याचा पूना क्लब यांचे सदस्यत्व महागडे आहे. मात्र पैसे भरून एखादा डाव खेळू देणारी मैदानेही आहेत. सिडकोचे खारघरचे मैदान त्यांपैकीच. शिकणाऱ्याने सदस्यत्वाच्या आधी तिकडे जावे.

दुसरी अडचण कायद्याची. जपानमध्ये १९५७ च्या कॅनडा कप या गोल्फ स्पर्धेतल्या विजयानंतर गोल्फचे वेड पसरले आणि ग्राहकाला कंपनीच्या खर्चाने खेळायला नेणे हा रिवाज झाला. क्लबांची सदस्यत्वे शेअरसारखी खरेदी-विक्रीला आली आणि १९९० नंतरच्या मंदीत त्यांचे भाव कोसळले. २००० मध्ये लागू झालेल्या आचारसंहितेने तिथल्या सरकारी अधिकाऱ्यांना, ज्यांच्याशी कामाचा संबंध येतो त्यांच्याबरोबर गोल्फ खेळायला बंदी केली. स्वतःचे पैसे भरले तरीही. अमेरिकेत २०१८ पासून ग्राहकाच्या करमणुकीचा खर्च, गोल्फसह, करपात्र उत्पन्नातून वजा होत नाही. भारतात क्लबच्या सदस्यत्वावर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट मिळत नाही, आणि केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या आचरण नियमांनुसार, कामाचा संबंध असलेल्यांकडून भारी किंवा वारंवार पाहुणचार घेणे टाळावे लागते. तेव्हा सरकारी खात्याशी व्यवहार करणाऱ्याने मैदानाचे आमंत्रण देण्याआधी दोनदा विचार करावा.

खाजगी उद्योगात हा खेळ उपयोगी आहे, पण सावकाश. एका डावाने कंत्राट मिळत नाही. दोन-तीन वर्षे नेमाने खेळणाऱ्याला मात्र फोन केल्यावर ओळख सांगावी लागत नाही अशी माणसे जोडता येतात. ज्याला खेळ मुळातच आवडत नाही, त्याचा कंटाळाही चार तासांत सोबत्यांच्या लक्षात येतो. त्याने सदस्यत्वाचे पैसे वाचवून ग्राहकाला जेवायला न्यावे. ज्याला आवडतो, त्याने धंद्याचा हिशेब न करता शिकावा.