घनफळ : पाठ करण्याचे नव्हे, मोजण्याचे

लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, हे इष्टिकाचितीच्या घनफळाचे सूत्र. तिन्ही बाजू समान असल्या की तीच आकृती घन होते. हे सूत्र आपली मुले सहज पाठ करतात. परंतु ते परीक्षेच्या कागदाबाहेर नेण्याची सवय आपण त्यांना लावतो काय, हा प्रश्न या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडावासा वाटतो.

त्यासाठी उदाहरणे दूर शोधावयास नकोत. लेण्याद्री येथील सातव्या क्रमांकाचे लेणे म्हणजे मुळात वीस खोल्यांचा, मध्यभागी एकही खांब नसलेला बौद्ध विहार. त्याचे सभागृह हिशोबाच्या सोयीसाठी 50 फूट लांब, 50 फूट रुंद व 7 फूट उंच धरू. घनफळ येते 17,500 घनफूट, म्हणजे 175 ब्रास. एवढा काळा पाषाण छिन्नी-हातोड्याने फोडून बाहेर काढला गेला. पोकळीलाही घनफळ असते आणि त्यामागे माणसांचे श्रम असतात, हे तेथे उभे राहिल्यावर जसे उमगते तसे फळ्यावर उमगत नाही.

आंबेगाव तालुक्यात डिंभे धरण आहे. तालुक्याला नाव देणारे जुने आंबेगाव त्याच जलाशयाखाली गेले. धरणाचा उपयुक्त साठा सुमारे साडेबारा टीएमसी, असे आपण ऐकतो. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. प्रत्येक बाजू 1,000 फूट असलेला पाण्याचा एक घन. हे चित्र डोळ्यांसमोर आले, की पाणीवाटपाची बातमी विद्यार्थ्याला निराळी वाटू लागते.

घनफळ हा पोटापाण्याचाही विषय आहे. दहा फूट लांब, पाच फूट रुंद व दोन फूट उंच ट्रॉली काठोकाठ भरली, तर वाळू 100 घनफूट, म्हणजे एक ब्रास भरते. तीच ट्रॉली तीन इंच कमी भरली, तर साडेबारा घनफूट, म्हणजे आठवा हिस्सा वाळू कमी येते. रोजगार हमीच्या कामांवर मजुरी खोदलेल्या मातीच्या मापाशी बांधलेली असे. माप घेणारा एक आणि घाम गाळणारा दुसरा. अशा वेळी खड्ड्याचा हिशोब स्वतः करू शकणारा मजूर निमूटपणे अंगठा उठवीत नाही. आपल्या समाजाला शिक्षणाने हेच बळ द्यावयाचे आहे.

म्हणून एक सूचना. प्रत्येक वर्गाच्या हाती मोजपट्टी द्यावी. वसतिगृहातील पाण्याची टाकी, धान्याची कोठी, झोपण्याच्या खोलीतील हवा विद्यार्थ्यांनी स्वतः मोजावी. टाकीची प्रत्येक बाजू दुप्पट केली तर पाणी दुप्पट नव्हे, आठपट मावते, हे त्यांनी स्वतः पडताळावे. बांधकाम वा पाटबंधारे क्षेत्रात असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एक दिवस यासाठी द्यावा, आणि सुटीत घरी आलेल्या मुलाकडून पालकांनी ट्रॉलीचे माप अवश्य करवून घ्यावे.