वर्ध्यात विचारला गेलेला प्रश्न वर्गात कधी येणार?

आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत अनेकांचा वाढदिवस १ जूनला येतो. खरी जन्मतारीख घरात कुणाला माहीत नव्हती. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिली आणि तीच आयुष्यभराची झाली. अमेरिकेत गुलामगिरीत जन्मलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनाही आपली जन्मतारीख ठाऊक नव्हती. गुलामाच्या लेकराची तारीख कोण लिहून ठेवणार? शेवटी त्यांनी स्वतःच १४ फेब्रुवारी हा दिवस निवडला.

हा दिवस आणि अब्राहम लिंकन यांची १२ फेब्रुवारीची जयंती ज्या आठवड्यात येते, तो आठवडा इतिहासकार कार्टर जी. वूडसन यांनी १९२६ साली कृष्णवर्णीयांच्या इतिहासासाठी ठरवला. वूडसन यांचे आई-वडील गुलामगिरीत राहिलेले. ते स्वतः कोळशाच्या खाणीत राबले, विशीत हायस्कूलला गेले आणि १९१२ मध्ये हार्वर्डमधून डॉक्टरेट मिळवली. पाठ्यपुस्तकात ज्यांचा इतिहास नाही ती मुले स्वतःला कमी समजू लागतात, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी हा सप्ताह शाळांमध्ये नेला. १९७६ पासून त्याचा महिना झाला. या फेब्रुवारीत त्या उपक्रमाला शंभर वर्षे झाली.

आपल्याकडे पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी बाबासाहेबांची पहिली सार्वजनिक जयंती साजरी केली ती १९२८ साली, म्हणजे वूडसन यांच्या सप्ताहानंतर अवघ्या दोन वर्षांनी. दोन खंडांतील दोन समाजांना जवळजवळ एकाच वेळी कळले होते की आपल्या माणसांची आठवण आपणच ठेवली पाहिजे.

शताब्दीचे हे वर्ष मात्र अमेरिकेत सुखाचे नाही. २०२३ च्या जानेवारीत फ्लोरिडा राज्याने हायस्कूलसाठीचा आफ्रिकन-अमेरिकन अभ्यासाचा प्रगत अभ्यासक्रम नाकारला. २०२५ च्या जानेवारीत तिथल्या संरक्षण खात्याने असे महिने सरकारी वेळेत आणि खर्चाने साजरे करणे बंद केले. कारण असे दिले जाते की असा इतिहास समाजात फूट पाडतो. हे कारण आपल्याला नवे नाही. गावात जातीचे नाव काढले की 'तुम्हीच जातीयवाद करता' हे आपण ऐकतच आलो आहोत.

जयंतीने काय होते?

जयंत्यांनी काय होते, असे आपल्यातीलच काही शिकलेले तरुण विचारतात. त्याचे उत्तर क्लॉडेट कॉल्विनच्या गोष्टीत आहे.

२ मार्च १९५५. अलाबामातील माँटगोमेरी शहर. पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी क्लॉडेट बसमध्ये बसली होती. गोऱ्या बाईसाठी जागा सोड, असे ड्रायव्हरने सांगितले. ती उठली नाही. पोलिसांनी तिला खेचून नेले. पुढे तिने सांगितले की त्या फेब्रुवारीत शाळेत त्यांना हॅरिएट टबमन आणि सोजर्नर ट्रुथ यांच्याविषयी शिकवले होते. त्या क्षणी जणू एकीचा हात एका खांद्यावर आणि दुसरीचा हात दुसऱ्या खांद्यावर होता, आणि त्या दोघी तिला खाली बसवून ठेवत होत्या.

रोझा पार्क्स यांनी जागा सोडायला नकार दिला तो त्यानंतर नऊ महिन्यांनी, १ डिसेंबर १९५५ रोजी. जगाला त्या माहीत झाल्या, क्लॉडेट मागे राहिली. ती गरीब वस्तीतील होती, वयाने लहान होती, पुढे गरोदर राहिली. चळवळीच्या पुढाऱ्यांना तिचा चेहरा पुढे करणे योग्य वाटले नाही. पण बसमधील वेगळी आसने घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५६ च्या खटल्यात ती फिर्यादींपैकी एक होती.

यात आपल्यासाठी दोन धडे आहेत. वर्गात नीट शिकवलेली जयंती पंधरा वर्षांच्या मुलीच्या पाठीचा कणा ताठ करू शकते. आणि चळवळीने आपल्या मुलींना मागे सारण्याची चूक करू नये, हा दुसरा. तो आपल्या संघटनांनी जास्त मनावर घ्यावा.

सेवाग्रामला आलेला पाहुणा

आम्ही सेवाग्राम-वर्धा परिसरातील शाळांत आणि वस्त्यांतील अभ्यासिकांत काम करतो. राज्यभरातून इथे शाळांच्या सहली येतात. कृष्णवर्णीयांच्या लढ्याविषयी मुलांच्या कानावर साधारणपणे एकच वाक्य पडते: मार्टिन ल्युथर किंग यांनी गांधीजींकडून अहिंसा घेतली. हे खोटे नाही. किंग यांच्या चळवळीत अहिंसेचे प्रशिक्षण देणारे जेम्स लॉसन तर १९५३ ते १९५६ या काळात आपल्या नागपुरात हिस्लॉप कॉलेजमध्ये होते. माँटगोमेरीच्या बस बहिष्काराची बातमी त्यांनी नागपूरच्या वर्तमानपत्रात वाचली.

पण गोष्ट इथेच संपवली तर अर्धी राहते. उरलेली अर्धी याच वर्ध्यात घडली आहे.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगावला राहायला आले. १९४० मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. १९३६ च्याच मे महिन्यात बाबासाहेबांनी 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' प्रसिद्ध केले. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने सभाच रद्द केल्यामुळे न झालेले ते भाषण होते. त्यानंतर काही महिन्यांनी, १९३६-३७ च्या हिवाळ्यात, बेंजामिन मेज हे कृष्णवर्णीय अमेरिकन प्राध्यापक गांधीजींना भेटायला वर्ध्याला आले. अहिंसेविषयी तर त्यांनी विचारलेच, पण आणखी एक प्रश्न केला. तुम्ही अस्पृश्यतेवर हल्ला करता, मग जातिव्यवस्थेविरुद्धच युद्ध का पुकारत नाही? अस्पृश्यता हे पाप आहे, यावर गांधीजी ठाम होते. पण कामाच्या विभागणीची व्यवस्था म्हणून त्यांनी तेव्हा जातीचा बचाव केला.

मेज साधे पाहुणे नव्हते. पुढे ते मोअरहाउस कॉलेजचे अध्यक्ष झाले, तिथे किंग त्यांचे विद्यार्थी होते. १९६८ मध्ये किंग यांच्या अंत्यविधीत श्रद्धांजलीचे भाषण मेज यांनीच केले. किंग यांच्या गुरूने वर्ध्यात येऊन जातीविषयी विचारलेला हा प्रश्न वर्ध्याच्या मुलांना माहीत नाही. यात कुणा एका संस्थेचा दोष नाही. सोयीची अर्धी गोष्ट सांगण्याची सवय आपल्या सगळ्या शिक्षणव्यवस्थेलाच आहे.

त्याच दौऱ्यात मेज यांना अस्पृश्य मुलांच्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी बोलावले. मुलांना त्यांची ओळख करून देताना मुख्याध्यापक म्हणाले की हे पाहुणे अमेरिकेतील अस्पृश्य आहेत आणि तरीही मोठे झाले आहेत. मेज आधी गोंधळले, मग त्यांना ते पटले. १९५९ मध्ये किंग भारतात आले तेव्हा त्रिवेंद्रमच्या शाळेत त्यांचीही अशीच ओळख करून दिली गेली. किंग यांना क्षणभर धक्का बसला, रागही आला. मग त्यांनी आपल्या लोकांच्या वस्त्या आठवल्या आणि होय, मी अस्पृश्यच आहे, असे मनाशी मान्य केले. हे त्यांनी १९६५ मधील एका प्रवचनात सांगितले.

कृष्णवर्णीय महामानवांना शाळेत कसे भेटवायचे, हे त्या मुख्याध्यापकांनी केव्हाच दाखवून दिले आहे. पाहुणा किती महान, एवढेच सांगून ते थांबले नाहीत. तो तुमच्यातलाच आहे, हे त्यांनी मुलांना सांगितले.

आपला धागा

हा धागा आपल्याकडे फार जुना आहे. जोतिबा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केले ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते, हार्लेमच्या शेजारी. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले आणि कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे पाठवलेल्या निवेदनाची प्रत मागितली. डुबॉइस यांनी उत्तरही दिले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नावासकट ब्लॅक पँथरशी नाते सांगत.

त्याआधीचे नाव मलिक अंबरचे. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला आणि मुघलांना त्याने वर्षानुवर्षे दख्खनबाहेर रोखून धरले. १६१० च्या सुमारास त्याने खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद. जिथे बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय उभारले, जिथल्या विद्यापीठाच्या नामांतरासाठी आपली माणसे मेली, ते शहर एका आफ्रिकी माणसाने वसवलेले आहे. १६२६ मध्ये तो वारला. यंदा चारशे वर्षे होत आहेत. किती शाळांत त्याचे नाव निघेल?

कापसाची गोष्ट

वर्ध्याच्या मुलांना गुलामगिरी दूरची वाटण्याचे कारण नाही. अमेरिकेतील गुलामांनी वेचलेल्या कापसावर इंग्लंडच्या गिरण्या चालत. १८६१ ला तिथे यादवी युद्ध पेटले, तो कापूस अडला आणि इंग्रजांची नजर वऱ्हाड-हिंगणघाटच्या कापसावर वळली. वर्धा जिल्हा १८६२ चा, शहर १८६६ चे, नागपूरपर्यंत रेल्वे आली १८६७ ला. आपला जिल्हा ज्या काळात घडला, तो काळच कापसाचा आहे.

आणि मग कार्व्हर. वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' १९८१ पासून मराठी घरांत वाचले जाते. पण पुष्कळदा ते जिद्दीची आणि साधेपणाची गोष्ट म्हणूनच वाचले जाते. टस्कीगीत कार्व्हर नेमके काय करत होते? कापसाने थकलेल्या जमिनीत भुईमूग, रताळी, चवळी घ्यायला ते गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना शिकवत होते. जमीन दुसऱ्याची, कर्ज सावकाराचे आणि पीक एकच, हे दुष्टचक्र त्यांना तोडायचे होते. कोरडवाहू कपाशीवर जगणाऱ्या घरातील मुलाला हे सांगितले तर कार्व्हर त्याच्या बांधावर येऊन उभे राहतील.

वर्गात आणि घरात

एका शाळेत आठवीच्या मुलीने रोझा पार्क्सवर उत्तम भाषण केले. टाळ्या पडल्या. आम्ही वर्गाला विचारले, असे आपल्याकडे कुठे होते का? बराच वेळ कुणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बसमध्ये नाही होत, पंगतीत होते." शिक्षक लगेच म्हणाले, "ते आता राहिले नाही." विषय संपला. हजारो मैलांवरचा अन्याय फळ्यावर लिहिता येतो, पण गावातला मात्र तोंडावर आणता येत नाही.

वंश आणि जात एकच आहेत, असे आमचे म्हणणे नाही. रंग दुरून दिसतो, जात आडनाव आणि गाव विचारून शोधली जाते. मुलांना हा फरक समजला पाहिजे, नाहीतर शिकवणे म्हणजे नुसती घोषणा होईल. पण जन्मावरून माणसाची पायरी ठरवणे दोन्हीकडे सारखेच आहे. म्हणूनच सिॲटल शहराने २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घातली, तेव्हा तो प्रश्न तिथल्या लोकांना समजावून सांगता आला.

बोट आपल्याकडेही वळवावे लागेल. किंगचा फोटो भिंतीवर आणि लग्नाच्या बायोडाटात 'गोरी मुलगी हवी', हे आपल्या वस्तीतही चालते. सावळ्या मुलीला नावे ठेवणारे आपलेच असतात. शिकायला आलेल्या आफ्रिकी विद्यार्थ्यांकडे शहरात कसे पाहिले जाते, हेही आपण पाहतो. मैत्री ही ब्रह्मविहारातली पहिली भावना आहे. ती त्यांच्यापर्यंत पोहोचत नसेल तर आपले वंदन ओठांवरचेच आहे.

काम अवघड नाही. ४ फेब्रुवारीला रोझा पार्क्स, ७ ला माता रमाई, १४ ला डग्लस. तिघांची एकत्र जयंती विहारात आणि शाळेत घेता येईल. पाठ केलेल्या भाषणाऐवजी मुलांनी आजीची मुलाखत घेऊन यावे: शाळेत कुठे बसवायचे, पाणी कोण वाढायचे, जन्मतारीख कुणी लिहिली. शासनाने २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस ठरवला आहे. त्या दिवशी साताऱ्याच्या शाळेत नाव घातलेल्या भिवासोबत माँटगोमेरीची क्लॉडेटही सांगावी. सेवाग्रामच्या सहलीला जाणाऱ्या शिक्षकांना मेज यांचा प्रश्न एका कागदावर लिहून द्यावा. आश्रमाच्या अंगणातल्या झाडाखाली तो मोठ्याने वाचावा आणि मुलांना बोलू द्यावे. गांधीजींचा अपमान त्यात नाही. पाहुण्याने समोरासमोर विचारलेला प्रश्न त्यांनी ऐकून घेतला होता. आपण तरी का घाबरावे?

मागच्या बाकावरच्या त्या मुलाने उत्तर दिले होते. पुढच्या वेळी त्याच्या खांद्यावर कुणाचा तरी हात असला पाहिजे.

जय भीम.