निर्यात झालेला अन्याय

परदेशांतील समलिंगी माणसांच्या छळाशीं स्वदेशीं न्यायालयांस काय कर्तव्य, असें कित्येक सुशिक्षित विचारतात. युगांडांतील छळास चिथावणी दिल्याबद्दल तेथील एका संस्थेनें स्कॉट लाइव्हली या अमेरिकी धर्मोपदेशकास २०१२ सालीं अमेरिकेंतीलच न्यायालयांत खेंचलें. २०१७ सालीं न्यायाधीशांनीं त्याच्या कृत्यांचा कडक शब्दांत धिक्कार केला. दावा मात्र अधिकारक्षेत्राच्या कारणावरून काढून टाकला. तो दरवाजा अरुंद ठरला. आमच्यापाशीं याहून रुंद दरवाजा आहे.

१८६० च्या दंडसंहितेचें ३७७ वें कलम येथूनच सिंगापूर, मलाया व ब्रह्मदेश येथें गेलें. तो माल इंग्रजांचा, आमचा नव्हे, असें म्हणावें, तर २०१३ सालीं आमच्याच सर्वोच्च न्यायालयानें त्यावर पुन्हां शिक्का मारला होता! पुढें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं त्याच न्यायालयानें संमतीनें वागणाऱ्या प्रौढांस त्या कलमांतून मुक्त केलें; आणि २०१९ सालीं बोट्स्वानाच्या उच्च न्यायालयानें तसलाच कायदा रद्द करतांना त्या निकालाचा आधार घेतला.

आमच्या लकडगंजांतील सचोटीचा व्यापारी परगांवीं धाडलेलें लांकूड किडकें निघाल्यास हात झटकीत नाहीं. राष्ट्रानें तरी तसें कां करावें? आमच्या न्यायाधीशांनीं लिहिलेलें प्रत्येक निःसंदिग्ध निकालपत्र ही त्या जुन्या मालाची भरपाईच होय.