नांगर थांबला, चुन्याचे काय?

रायगडमधील नेरळ येथे विकसित झालेल्या ‘सगुणा’ पद्धतीत कायमच्या गादीवाफ्यांवर नांगरणीविना भात घेतला जातो. धूप थांबते, कष्ट वाचतात. स्वागतच आहे. परंतु कोकणातील जांभ्याची जमीन आम्लधर्मी. तिच्यात स्फुरद अडकून पडते आणि टाकलेले खत वाया जाते. चिखलणीच्या भातात पाणी साचले की आम्लता उतरते. गादीवाफ्यावर ही सोय कमी होते.

ब्राझीलकडे पाहा. पाराना राज्यात १९७२ साली हर्बर्ट बार्ट्झ यांनी नांगर सोडला. पुढे ही शेती सेराडोच्या आम्ल जमिनीवर पसरली. तिथला धडा असा : वर टाकलेला चुना बराच काळ वरच्या थरातच राहतो. म्हणून नांगर सोडण्यापूर्वीच, माती परीक्षणानुसार, तो मातीत मिसळावा लागतो.

या चुन्याचा लाभ पुढे काही वर्षे मिळतो. मग एका हंगामाच्या तोंडी बोलीवर जमीन कसणाऱ्याने तो खर्च का करावा? खर्च त्याचा आणि सुधारलेली जमीन मालकाची! कूळ लागेल या भीतीने मालक लेखी करार टाळतात. तेव्हा दोघांनाही संरक्षण देणारा अनेक वर्षांचा लेखी करार कायद्याने सुलभ केला पाहिजे आणि चुन्याचे अनुदान सातबारा पाहून नव्हे, तर कसणाऱ्याचा हात पाहून दिले पाहिजे.