बुद्धिमाहात्म्याचा पूर्वपक्ष

अवघड प्रश्न सुटतो तो तल्लख बुद्धीमुळेच, आणि दृष्टिकोन ही त्या बुद्धीचीच छाया असल्याने तिचा वेगळा विचार करण्याचे कारण नाही, असा पक्ष शिक्षणाच्या चर्चेत वारंवार मांडला जातो. हा पक्ष अगदीच निराधार नाही. एका विषयात चमकणारी मुले बहुधा इतर विषयांतही पुढे असतात, हे चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये दाखवले आणि त्यावरून सर्व बौद्धिक कामांच्या मुळाशी असलेल्या एका सामान्य क्षमतेची कल्पना मांडली. पुढच्या चाचण्यांनी तो परस्परसंबंध खोडून काढलेला नाही. आक्षेप आहे तो त्यानंतरच्या अनुमानावर, म्हणजे क्षमता असली की ती प्रश्नाच्या मर्माला आपोआप भिडते, या समजुतीवर.

मानसशास्त्रज्ञ अब्राहम लुचिन्स यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग या समजुतीच्या मुळावरच येतात. विद्यार्थ्यांना तीन भांडी कल्पून ठरावीक पाणी मोजायचे होते. २१, १२७ आणि ३ मापांच्या भांड्यांनी १०० मापे हवी असतील, तर सर्वांत मोठे भांडे भरून त्यातून पहिले एकदा आणि लहान दोनदा भरून काढले की झाले. याच रीतीने सुटणारी काही उदाहरणे ओळीने सोडवून घेतल्यावर २३, ४९ आणि ३ मापांतून २० मापे काढण्याचे उदाहरण पुढे आले. येथे जुनी रीत चालते खरी, पण २३ मधून ३ वजा केले तरी भागते. तरीही सराव झालेल्यांपैकी बहुतेकांनी लांबचीच वाट धरली, आणि तसा सराव न दिलेल्यांना मात्र जवळची वाट लगेच दिसली. पुढे २८, ७६ आणि ३ मापांतून २५ मापे काढायची होती, जेथे जुनी रीत लागूच पडत नाही आणि नुसती वजाबाकी पुरते. सराव झालेल्यांपैकी अनेक जण तेथे अडले. अडले ते मंदबुद्धीच असणार, हे म्हणणे टिकत नाही, कारण त्यांत महाविद्यालयीन विद्यार्थीही होते.

दृष्टिकोन म्हणजे प्रश्नातले काय धरायचे आणि काय सोडायचे याचा निवाडा, जो बुद्धी कामाला लागण्याआधीच, बहुधा नकळत, होऊन गेलेला असतो. कोनिग्सबर्ग शहरातील सात पूल प्रत्येकी एकदाच ओलांडून फिरता येईल काय, या प्रश्नाचे लिओनार्ड ऑयलर यांनी १७३५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे मांडलेले उत्तर या अर्थाने पाहण्याजोगे आहे. त्यांनी रस्त्यांची लांबी, नदीचे वळण, बेटाचा आकार, सारे सोडून दिले आणि भूमीच्या प्रत्येक तुकड्याला किती पूल लागतात एवढेच धरले. वाटेतल्या तुकड्यात एका पुलाने येऊन दुसऱ्याने जावे लागत असल्याने तेथील पूल जोडीजोडीने संपतात. म्हणून विषम पुलांचा तुकडा फेरीचा आरंभ किंवा शेवट असावाच लागतो. कोनिग्सबर्गमध्ये असे तुकडे चार होते, एकाला पाच आणि तिघांना तीन-तीन पूल, तेव्हा तशी फेरी अशक्य ठरली. ऑयलर असामान्य बुद्धीचे होते, हे पूर्वपक्षी येथे हटकून सांगतील, आणि ते कोणी नाकारणारही नाही. परंतु त्यांची बुद्धी त्यांच्याबरोबर गेली. मागे राहिली ती ही मांडणी, आणि तिच्या आधारे शाळकरी मूलही कोणत्याही गावच्या पुलांचा निकाल आज देऊ शकते.

याचा अर्थ ठरावीक पायऱ्या घोटल्या की पुरे, असा मात्र नव्हे. स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये ‘ट्रिक’ म्हणून जे विकले जाते, ते लुचिन्स यांच्या लांबच्या रीतीचेच भावंड आहे. ओळखीचे उदाहरण येईतो ते तारते. जॉर्ज पोल्या यांनी १९४५ च्या आपल्या पुस्तकात उकल झाल्यावर तिच्याकडे मागे वळून पाहण्याची स्वतंत्र पायरी सांगितली, ती सहसा गाळली जाते आणि नेमकी तीच दृष्टिकोन घडवते.

लुचिन्स यांच्या प्रयोगातील एक तपशील तर पूर्वपक्षाला निरुत्तर करणारा आहे. काही विद्यार्थ्यांना त्यांनी मध्येच कागदावर ‘आंधळे होऊ नका’ असे लिहायला लावले, आणि सोपी रीत शोधणाऱ्यांचे प्रमाण चांगलेच वाढले. दोन उदाहरणांमधल्या त्या क्षणभरात त्यांची बुद्धी वाढली, असे म्हणायला बुद्धिवादीही धजावणार नाहीत.