पाटे वाढले, भार कोणावर?

नाशिक जिल्ह्यात कांद्याचा हंगाम जवळ आला की गॅरेजांतून पिकअप गाड्यांना जादा पाटे चढविण्याचे काम सुरू होते. मागच्या ॲक्सलवरील कमानपाट्यांच्या जुडग्यात एक-दोन पाटे अधिक बसविले जातात. गाडी रिकामी असताना हे पाटे निवांत असतात; भार वाढून मूळ पाटे दबले की ते टेकतात आणि ओझे वाटून घेतात. गाडीचा मागचा भाग खाली बसत नाही. यालाच ‘गाडी मजबूत केली’ असे म्हणतात.

हा समज घातक आहे. पाट्यामुळे पाटाच तेवढा मजबूत होतो. ॲक्सल, बेअरिंग, चासी, टायर आणि ब्रेक कारखान्यातून आले तसेच राहतात. वजन दीडपट झाले की त्याच वेगात गाडीची गतिज ऊर्जाही दीडपट होते. ती थोपविणारे ब्रेक मात्र जुनेच. अमेरिकेत पिकअपमागे ट्रेलर ओढण्यासाठी असे पाटे सर्रास बसवितात. तेथेही निर्मात्याने ठरविलेली भारमर्यादा त्यामुळे वाढत नाही. खाली बसलेली गाडी निदान ओरडून सांगते की, ओझे झेपत नाही. जादा पाटा त्या साक्षीदाराचे तोंड बंद करतो. 

मग चालक हे का करतो? ‘लोभापायी’ हे मध्यमवर्गाचे आवडते उत्तर आहे. ते सोयीचे आहे, म्हणूनच संशयास्पद आहे. पिकअपचा चालक पुष्कळदा तिचा कर्जबाजारी मालकही असतो. हप्ता, विमा आणि डिझेल यांचे दर त्याच्या हाती नाहीत. भाडे ठरविण्याची ताकदही त्याच्यापाशी नाही. एकाने नाकारलेली खेप दुसरा त्याच भाड्यात उचलतो. अशा स्पर्धेत कायदेशीर भारावर घर चालत नाही, तेव्हा जादा भार हीच रोजी होते. प्रत्येकाने पाटे वाढविले की भाडे आणखी उतरते आणि कालचा जादा भार आजचा किमान भार ठरतो. श्रमिकाने स्वतःच्या जिवाची जोखीम स्वस्तात विकावी, अशीच ही बाजारव्यवस्था आहे.

शासनाचे उत्तर दंडाचे आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खालील दंड २०१९ च्या दुरुस्तीने वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये एवढा झाला. पण त्याच शासनाने २०१८ साली ट्रकच्या चार टायरांच्या ॲक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात झालेल्या चाचण्यांनुसार रस्त्याची झीज ॲक्सलवरील भाराच्या साधारण चौथ्या घातात वाढते. म्हणजे सुमारे १३ टक्के भारवाढीने त्या ॲक्सलच्या प्रत्येक फेरीमागे रस्त्याची झीज सुमारे ६० टक्क्यांनी वाढते. जे ओझे वाहून नेणारा चालक गुन्हेगार ठरे, तेच राजपत्रात छापले की धोरण ठरते!

वास्तविक कायदा इतका आंधळा नाही. कलम १९४ वाहन चालविणाऱ्याबरोबरच ते चालवावयास लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही दोषी धरते. दंड भरला म्हणून जादा भारासह पुढे जाण्याची मुभा मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली स्पष्ट केले. कलम ६७ तर मालवाहतुकीचे किमान भाडे ठरविण्यासंबंधी निर्देश देण्याचा अधिकार राज्य शासनाला देते. दंडाच्या कलमाचा एवढा उत्साह आणि भाड्याच्या कलमाबद्दल एवढे मौन, यातच शासनाचा वर्गीय कल दिसतो.

पुराव्याची वानवा आहे, असेही नाही. बाजार समितीत कांद्याची प्रत्येक गाडी भुईकाट्यावर चढते. आधी भरलेली, मग रिकामी. नोंदणी-पुस्तिकेत तिची मर्यादा लिहिलेली असते. दोन कागद शेजारी ठेवले की जादा भार किलोपर्यंत कळतो. ज्या काट्याच्या पावतीवर शेतकऱ्याचा हिशेब होतो, त्याच पावतीवर चालकाच्या सुरक्षिततेचा हिशेब मात्र कोणी करीत नाही.

येथे एक आक्षेप येईल. बाजारापर्यंतचे भाडे शेतकरी देतो. किमान भाडे ठरले तर आधीच नाडलेला कांदा-उत्पादक आणखी नाडला जाणार नाही काय? आक्षेप खरा आहे आणि तो टाळता येणार नाही. कांद्याला भाव नाही म्हणून शेतकरी भाड्यात काटकसर करतो, आणि ती तूट चालकाच्या पाठीवर उतरते. पण एका पिळलेल्याची सुटका दुसऱ्याला पिळून होत नाही. बाजार फी खरेदीदाराकडून घेतली जाते. तिच्यातून अल्पभूधारकाच्या वाहतुकीला साहाय्य देता येईल. बाजारातून पुढे परप्रांती माल धाडणारा तर व्यापारीच असतो. त्या टप्प्यावर किमान भाड्याचा बोजा त्यानेच उचलला पाहिजे.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन मागण्या धसास लावल्या पाहिजेत. कलम ६७ खाली किमान भाडे जाहीर व्हावे. भुईकाट्याच्या पावतीवर गाडीची भारमर्यादा छापली जावी. जादा भाराचा दंड माल भरविणाऱ्याकडून प्रथम वसूल व्हावा. कांद्याच्या भावासाठी महामार्ग रोखणाऱ्यांनी त्याच महामार्गावर कांदा वाहणाऱ्याला आपल्या लढ्याबाहेर ठेवू नये. गॅरेजात पाटे वाढवून हा प्रश्न सुटणार नाही. भाड्याच्या दरात न्याय आला, तरच गाडीवरचे ओझे उतरेल.